आठव्या प्रश्नानंतर

१

शनिवारी दुपारी जतनबाईंच्या स्वयंपाकघरातून एक स्टीलचा डबा नाहीसा झाला. डब्यात सोनं नव्हतं. गोळ्यांच्या दोन पट्ट्या आणि धुळ्याच्या डॉक्टरांचा कागद, एवढंच होतं.

सोमवारी सकाळी त्यांनी मला बोलावून घेतलं. जळगावात अडतीस वर्षं गणित शिकवलं, तेवढ्याच काळात वर्गातल्या कंपासपेट्या आणि डब्यातले लाडू चोरणारे शोधले. आता गुडघे दुखतात आणि चोर सापडल्याचा आनंदही पूर्वीसारखा होत नाही. पण जतनबाईंचे यजमान झुंबरलाल माझे मित्र होते, मुलगा अखिल माझा विद्यार्थी. जावं लागलं.

"गुरुजी, माझ्यावर चोरीचा आळ आहे," पाण्याचा पेला माझ्या हातात यायच्या आधीच त्या म्हणाल्या.

"कोणी घेतला आळ?"

"तोंडाने कोणीच नाही. पण सूनबाईने परवा माझं कपाट आवरून दिलं. वीस वर्षांत कधी आवरलं नव्हतं."

गोळ्या नातीच्या होत्या, पलकच्या. मागच्या वर्षी अकरावीच्या सहामाही परीक्षेत तिने कोरा पेपर दिला होता. त्यानंतर महिनाभर ती खोलीबाहेर आली नाही, दिवसाला एक पोळी खायची. अखिलने तिला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं, तेही धुळ्याला. जळगावात डॉक्टर आहेत, पण ओळखीचे लोकही आहेत. घरात त्या गोळीला 'धुळ्याचं व्हिटॅमिन' म्हणतात. भांडी घासणाऱ्या भागाबाईंनाही तेच सांगितलेलं.

"मी विरोध केला होता," जतनबाई म्हणाल्या, "पण तोंडावर केला. चौमासा चालू आहे, गुरुजी. या चार महिन्यांत मी न विचारता दुसऱ्याच्या वाटीतली साखर घेत नाही. डबा घेईन?"

तेवढ्यात दारातून आवाज आला. पलक भिंतीला टेकून उभी होती.

"सर, राहू द्या ना. तो डबा नाही सापडला तर बरंच आहे."

२

मी तिला समोर बसवलं. जतनबाई उठून गेल्या. त्या दाराआड उभ्या आहेत हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"बरंच का?"

"गोळीने मी मठ्ठ झालेय."

"कोण म्हणतं?"

"मार्क म्हणतात, सर."

पलक आता बारावीत. पियुषच्या क्लासला गणितासाठी जाते. पियुषही माझाच विद्यार्थी. दर शनिवारी संध्याकाळी सात ते नऊ परीक्षा, वीस गणितं, शंभर मार्क. तिने आकडे पाठ असल्यासारखे सांगितले. एप्रिलमध्ये एक्याण्णव, जूनमध्ये पंचाण्णव. मग जुलैत अठ्ठ्याऐंशी, ऑगस्टअखेर अठ्ठ्याहत्तर, सप्टेंबरात साठ. आणि ऑक्टोबरातल्या गेल्या पेपरला अडतीस.

"गोळी कधी सुरू झाली?"

"मार्चमध्ये."

"म्हणजे एप्रिल ते जून तू गोळी घेऊनच नव्वदच्या वर होतीस."

तिने वर बघितलं. हे तिने मोजलं नव्हतं. वाईट आकडे मुलांच्या डोक्यात जितके घट्ट बसतात तितके चांगले बसत नाहीत.

"शाळेत कसं चाललंय?"

"शाळेत ठीक. सकाळी डोकं चालतं. पण शाळेचे मार्क कोण बघतं?"

"आणि या शनिवारचा पेपर?"

"डबा नव्हता, गोळी नव्हती. वीसच्या वीस सोडवले, सर." मग खाली बघत म्हणाली, "पण शनिवारपासून झोप नाही. उभं राहिलं की गरगरतं. आईला सांगू नका."

तिचा हात टेबलावर होता आणि बोटं हलकी थरथरत होती. तेव्हा मला डब्याची पहिल्यांदा खरी काळजी वाटली.

भागाबाई ओट्याशी होत्या. त्यांना विचारलं तर त्यांनी नळ बंद केला आणि पदराला हात पुसले.

"आबा, माले काय इचारतस? मी दुपारले भांडा घासीसन घर गऊ, तवय डबा जागावर व्हता. पोरगी रोज दिन बुडाना पहिले जेवस, गोयी लेस नि क्लासले पयस. शनवारले गोयीच नही. मंग बठ्ठा घर दखं, मनी थैलीबी दखी." सगळ्या घराची, त्यांच्या पिशवीचीही झडती कोणी घेतली हे सांगायला त्यांनी सूनबाईच्या, हीनाच्या खोलीकडे मान केली. "व्हिटॅमिनसाठे इतला गोंधळ मी कुठे दखा नही."

ओट्याच्या वर जैन उपाश्रयातून मिळालेला एक छापील तक्ता चिकटवलेला होता. चार महिन्यांचा, बारीक आकड्यांचा. मी तो पाहिला आणि त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. वय झालं की असं होतं.

३

हीना, म्हणजे पलकची आई, बोलताना सारखी ओढणी नीट करत होती.

"सर, मी मम्मीजींचं नाव घेतलं नाही. पण घरात दुसरं आहे कोण? ते दुपारी जेवून दुकानात गेले. पलक झोपली होती. मी बँकेत गेले होते."

"गोळ्या नवीन का नाही आणल्या?"

"मी शनिवारीच म्हटलं. ते म्हणाले, बघतो. आणायचं काम त्यांचंच आहे. महिन्यातून एका रविवारी ते धुळ्याला जाऊन येतात, दुकान बंद असतं म्हणून."

"पलक जात नाही?"

"एप्रिलनंतर नाही. क्लास बुडतो ना."

अखिलचं भांड्यांचं दुकान आहे. मी गेलो तेव्हा तो एका गिऱ्हाइकाला कुकर दाखवत होता. मला पाहून त्याने खुर्ची पुढे केली आणि चहा सांगितला. शाळेत असतानाही तो असाच होता. गृहपाठ केला नसला की आधी फळा पुसून द्यायचा.

"सर, तुम्हाला कशाला त्रास दिला मम्मीने? डबा आहे, सापडेल."

"पोरगी तीन दिवस गोळीशिवाय आहे, अखिल. काल जाऊन आणल्या का नाहीस?"

"काल रविवार. रविवारी डॉक्टर कुठे असतात, सर?"

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पियुषचा होता. अखिल ऐकत गेला आणि त्याचा चेहरा उजळत गेला. फोन ठेवून तो माझ्याकडे वळला.

"चौऱ्याण्णव," तो म्हणाला. "गोळी बंद, आणि चौऱ्याण्णव. सर, आता चोर सापडला तर मी त्याला पेढे देईन."

मी घरी पोचायच्या आत ही बातमी जतनबाईंकडे पोचली होती. त्यांचा मला फोन आला. आवाज थकलेला होता.

"गुरुजी, आता तर सून माझ्या पाया पडून गेली. म्हणे, मम्मीजी, तुम्ही केलं ते बरंच केलं. मी काही केलंच नाही, तर शाबासकी कसली? आणि गोळ्या परत आणायचं आता कोणी नावच काढत नाही."

४

डबा कोणी नेला हा प्रश्न एकटा असता, तर मी तो तिथेच सोडला असता. पण पलकची थरथरणारी बोटं मला दिसत होती. चौऱ्याण्णवच्या आनंदात ती बोटं घरात कोणी बघणार नव्हतं.

दुपारी मी पियुषच्या क्लासवर गेलो. भिंतीवर गेल्या वर्षीच्या पहिल्या दहा मुलांचे फोटो होते, प्रत्येकाच्या गळ्यात तोच हार.

"या सर, बसा. पलकचंच ना? मीच तिच्या पप्पांना शुक्रवारी बोलावून आलेख दाखवला. म्हटलं, असं चाललं तर दिवाळीनंतर तिला छोट्या बॅचमध्ये टाकतो. मला निकाल बघावा लागतो."

"तुला गोळीचं कोणी सांगितलं?"

"पप्पांनीच, त्याच वेळी. मी म्हटलं, असली औषधं घेणारी पोरं वरच्या बॅचमध्ये टिकत नाहीत. उघड आहे."

"तुझी स्वतःची प्रमेयं सातव्या पायरीपर्यंत टिकत नव्हती, पियुष. पेपर दाखव."

तो हसला, पण कपाट उघडलं. मुलांचे पेपर तो जपून ठेवतो, ही त्याची चांगली सवय.

मी चार पेपर एकाशेजारी एक मांडले. शिक्षकाने मार्क शेवटी बघावेत, आधी अक्षर बघावं. जुलैच्या पेपरात अठरा गणितं स्वच्छ होती, पुढची दोन रेंगाळलेली. ऑगस्टअखेरच्या पेपरात सोळाव्यानंतर ओळी खाली उतरत गेल्या होत्या. सप्टेंबरात हीच गोष्ट बाराव्यानंतर. ऑक्टोबरात आठव्यानंतर चार आकडे, एक खोडलेलं वर्तुळ, आणि मग कोरं पान. पण त्या जागेपर्यंतचं प्रत्येक गणित बरोबर होतं, कुठे पायऱ्यांचे एकदोन मार्क कापले होते तेवढेच. अवघड गणितही.

"मुलं प्रश्न मागेपुढे सोडवतात का?"

"नाही सर. माझा नियम आहे. क्रमाने सोडवायचं, उडी मारायची नाही. एका गणिताला सहा मिनिटं."

म्हणजे तो पेपर नव्हता, ते घड्याळ होतं. सात वाजता सुरुवात, दर गणिताला सहा मिनिटं. ही मुलगी जुलैत नऊला दहा कमी असताना थकली, ऑगस्टअखेर साडेआठनंतर, सप्टेंबरात सव्वाआठच्या आत आणि ऑक्टोबरात आठच्याही आधी. डोकं मठ्ठ झालं असतं तर पहिल्या गणितापासून झालं असतं. हिचं डोकं पहिल्या मिनिटाला तल्लख होतं. मग काहीतरी येऊन तिला झोपवत होतं, आणि ते दर महिन्याला थोडं आधी येत होतं.

दर महिन्याला थोडं आधी येतं असं जगात काय आहे?

मी रिक्षा केली आणि परत जतनबाईंकडे गेलो. साडेपाच वाजले होते. पलक ताटावर बसली होती.

"इतक्या लवकर?"

"चौविहार, गुरुजी," जतनबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात अभिमान होता. "दिवस मावळला की अन्न नाही, पाणीसुद्धा नाही. चौमासा लागला त्या दिवशी हिने स्वतः पच्चक्खाण घेतलं, चार महिन्यांचा नेम. मी सांगितलं नव्हतं."

मी ओट्यावरच्या तक्त्यासमोर उभा राहिलो. या वेळी चष्मा लावून.

"हीना," मी म्हटलं, "उद्या सकाळच्या गाडीने आपल्याला धुळ्याला जायचंय. अखिलला दुकानात जाऊ दे, मग निघू."

५

एरंडोल, पारोळा, मग धुळं. गाडी हलत होती आणि माझे गुडघे प्रत्येक खड्डा मोजत होते. हीना शेजारी होती. तिला मी कारण सांगितलं नव्हतं, तरी ती आली होती. पहाटे पलक न्हाणीघरात भोवळ येऊन बसली होती, तेवढं कारण तिला पुरलं.

डॉक्टर ज्योत्स्ना चाळिशीच्या, आवाज खाली ठेवून बोलणाऱ्या. मी मास्तर आहे म्हटल्यावर म्हणाल्या, "पेशंटबद्दल मी फक्त आईशी बोलेन. तुम्ही बसलात तर चालेल का, ते त्यांनी सांगायचं."

"बसू द्या," हीना म्हणाली.

"गोळी एकदम बंद केलीत? चार दिवस? मला फोन का नाही केला?"

"हे म्हणाले, या रविवारी तुम्ही नव्हता."

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "रविवारी सकाळी दवाखाना असतो. पलकचे वडील रविवारीच येतात. दर वेळी म्हणतात, पुढच्या वेळी मुलीला आणतो."

हीनाचा हात ओढणीवर थांबला. मी खिडकीबाहेर बघितलं.

मग मी विचारलं, "डॉक्टर, ही गोळी घेतल्यावर झोप किती वेळाने येते?"

"साधारण दोन तासांनी गुंगी येते. म्हणून तर रात्री जेवणानंतर दिली आहे. साडेनऊला जेवण, दहाला गोळी, बारापर्यंत झोप, सकाळी ताजी."

"आणि कोणी पावणेसहाला घेतली तर?"

"पावणेसहाला रात्रीचं जेवण कोण जेवतं?"

"आम्ही," हीना म्हणाली.

मी तक्त्यावरून लिहून आणलेला कागद टेबलावर ठेवला. एका बाजूला सूर्यास्त, दुसऱ्या बाजूला पलकचा हात जिथे थांबला ती वेळ. जूनपर्यंत ती क्लासवरून येऊन रात्री जेवायची, गोळी घेऊन झोपायची. तेव्हा मार्क वर जात होते. आषाढात चौमासा लागला आणि जेवण सूर्यास्ताच्या आत आलं. गोळी जेवणाला बांधलेली, म्हणून गोळीही आली. पुढे दिवस लहान होत गेला, जेवण पावणेसातवरून पावणेसहाला आलं. सूर्य जितका आधी मावळायचा, तितकी ती आधी पेंगायची. सहा मिनिटांना एक गणित या हिशोबाने दोन्ही रांगा जवळजवळ जुळत होत्या.

डॉक्टरांनी दोन्ही रांगांवरून पेन फिरवलं.

"हे मी विचारायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "जैन आडनाव समोर होतं. पण मुलगी समोर नव्हती, आणि वडील घाईत असायचे. बघा, या गोळीनेच ती खोलीबाहेर आली. शनिवारी घेतली नाही म्हणून संध्याकाळी जागी राहिली, पेपर चांगला गेला. अशी गोळी अचानक सोडली तर एक शनिवार चांगला जातो. पुढचे कसे जातील त्याची मी खात्री देणार नाही. मागचा कोरा पेपर आठवतो ना? आज सुरू करा. एकदा तिला घेऊन या. आणि वेळ रात्री साडेनऊ, घोटभर पाण्याबरोबर."

परतीच्या गाडीत हीना पारोळ्यापर्यंत गोळ्यांची पट्टी हातात धरून बसली. मग म्हणाली, "सर, यांच्याशी तुम्ही बोला. मी बोलले तर सगळ्या गल्लीला ऐकू जाईल."

६

आम्ही पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. अखिलला दुकानातून बोलावलं. जतनबाई, हीना, पलक, सगळे बसले. मी आधी गोळीचं सांगितलं, पेपर आणि तक्ता शेजारी ठेवून, जसं वर्गात सांगतो तसं. पलक पेपरवरून बोट फिरवत राहिली.

"म्हणजे मी मठ्ठ नाही," ती म्हणाली.

"तू पेंगत होतीस. पेंगत असूनही अडतीस मिळवलेस."

"मग डबा?" जतनबाईंनी विचारलं.

"डब्याचं गणित सोपं होतं. मुलीचं औषध हरवलं तर माणूस काय करतो? आधी औषध आणतो, मग चोर शोधतो. इथे एका माणसाला औषध आणायचं नव्हतं. हीनाला डबा नेऊन गोळ्या बंद करायच्या असत्या, तर ती शनिवारीच नवीन आणा असं म्हणाली नसती. पलकने नेला म्हणावं, तर ती झोपली होती आणि तिला गोळी नकोच असती तर तिने ती नुसती घेतली नसती, डबा कशाला लपवेल? भागाबाईंना ते व्हिटॅमिन वाटतं. जतनबाई विरोध तोंडावर करतात. राहिला तो माणूस, जो दर महिन्याला रविवारीच धुळ्याला जातो आणि मला सांगतो की रविवारी डॉक्टर नसतात."

अखिल जमिनीकडे बघत होता.

"दुकानात आहे," तो म्हणाला. "तांब्याच्या घागरीत, वरच्या फळीवर. शुक्रवारी पियुषने आलेख दाखवला, सर. ती रेघ खाली खाली येत होती. मीच तिला धुळ्याला नेलं होतं, सगळ्यांशी भांडून. आता कोणत्या तोंडाने सांगू की मीच चुकलो?"

"आणि आईवर ढकलायला तोंड होतं," जतनबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला.

"मी तुझं नाव घेतलं नाही, मम्मी."

"नाही घेतलंस. घ्यायची गरजच ठेवली नाहीस."

जेवायची वेळ झाली होती. हीनाने पानं घेतली आणि धुळ्याहून आणलेली पट्टी पलकच्या ताटाशी ठेवली. मंगळवारी क्लासला सुट्टी असते, म्हणून आजची गोळी जेवणाबरोबर चालणार होती. उद्यापासून साडेनऊ.

पलकने गोळी घेतली, पण पट्टी परत सरकवली. "उद्यापासून नाही जमणार. साडेनऊला पाणी कसं घेऊ? माझा चौविहार आहे. बरी झाले म्हणून घेतला होता. बरी राहण्यासाठी मोडू का?"

हा प्रश्न गणिताचा नव्हता. मी जतनबाईंकडे बघितलं.

"दुविहार असतो," त्या हळूच म्हणाल्या. "रात्री फक्त पाणी आणि औषध चालतं. आजाऱ्यांसाठीच आहे. पण तो उपाश्रयात महासतीजींकडून घ्यावा लागेल, पहिलं पच्चक्खाण बदलून."

"मला माहीत होतं, दादी," पलक म्हणाली. "पण कारण विचारतील. तिथे सगळे असतात."

अखिलने मान वर केली. "मम्मी, व्याख्यानाला अर्धा बाजार येतो. उद्या हिच्या लग्नाचं बघायचं आहे. आपण घरातल्या घरात..."

"उद्या सकाळी आठ वाजता," जतनबाई म्हणाल्या. "तू पण येशील."

७

उपाश्रयात मी परका, म्हणून मागे दाराजवळ बसलो. पांढऱ्या कपड्यातल्या साध्वींचं, महासतीजींचं व्याख्यान संपलं, लोक पच्चक्खाण घ्यायला उभे राहू लागले. पुढच्या रांगेत जतनबाई उठल्या. त्यांना उठायला वेळ लागतो, तेवढ्यात सगळ्यांच्या नजरा तिकडे गेल्या. पलक त्यांच्या शेजारी हात जोडून उभी राहिली.

"हिला दुविहार द्या, महाराज."

"कारण?"

"औषध आहे, रात्रीचं."

महासतीजींनी मान डोलावली. तेवढं पुरे होतं. पण जतनबाई बसल्या नाहीत.

"मनाचं औषध आहे," त्या म्हणाल्या. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत आला. "मागच्या वर्षी पोरगी महिनाभर खोलीबाहेर आली नव्हती. धुळ्याच्या डॉक्टरांनी बरी केली. आम्ही व्हिटॅमिन म्हणून सांगत होतो. ते खोटं होतं, त्याचीही क्षमा मागते."

पुरुषांच्या बाजूला अखिल मान घालून बसला होता. महासतीजींनी पाठ म्हटला, पलकने तो मनातल्या मनात घेतला आणि दोघी बसल्या.

बाहेर चपला शोधायच्या गर्दीत एक बाई जतनबाईंजवळ आली. दीपमालाबाई, सराफ गल्लीतल्या. त्यांनी आजूबाजूला बघितलं आणि ओठ हलवले न हलवले असं विचारलं, "अक्का, धुळ्याला म्हणालात. कुठे, नक्की? माझ्या मुलाला, मननला..."

"मला काय माहीत," जतनबाई म्हणाल्या. "मी कधी गेले नाही. ह्याला विचारा."

अखिलच्या एका पायात चप्पल होती. भोवती ओळखीचे दहाबारा लोक होते, त्यांपैकी तिघे त्याचे रोजचे गिऱ्हाईक. त्याने दुसरी चप्पल शोधायची सोडली. मग खिशातून पेन काढलं, कागद सापडला नाही म्हणून दीपमालाबाईंच्या हातातल्या पिशवीवरच पत्ता लिहू लागला, आणि लिहिता लिहिता, कोणाला ऐकू जाईल याची पर्वा न करता, रस्ता समजावून सांगू लागला.